जुने आणि नवे हँडहेल्ड कन्सोल जोडून एकत्र खेळणे : कोणते कोणाशी जुळते?

जुळे_सोलापूर

मंडळी, नमस्कार. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरली की आमच्या घरी भावंडांची मुले मुक्कामाला येतात. यंदा त्यांच्यापैकी बहुतेकांकडे हँडहेल्ड कन्सोल, म्हणजे हातात धरून खेळायची व्हिडिओ गेमची यंत्रे आहेत, पण जवळजवळ प्रत्येकाच्या हातात वेगळ्या पिढीचे यंत्र आहे. माझ्याकडे गेम बॉय कलर, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी आणि डीएस लाइट जपून ठेवलेले आहेत. धाकट्या भावाच्या मुलाकडे थ्रीडीएस आहे, त्याच्या बहिणीकडे साधा स्विच आहे आणि पुण्याची भाची स्विच २ घेऊन येणार आहे. ही सगळी यंत्रे निन्टेन्डो कंपनीचीच आहेत. यांतले कोणते यंत्र कोणाशी जोडले तर दोघांना किंवा चौघांना एकत्र खेळता येईल, हे मला मुले येण्यापूर्वी नीट समजून घ्यायचे आहे.

माझे मत आधीच मांडतो, म्हणजे चर्चेला दिशा मिळेल. नव्या यंत्रावर जुने खेळ चालतात असे कंपनीने सांगितले की, ज्यांच्याकडे अजून जुने यंत्र आहे त्यांच्याशीही खेळता येईल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात जुना खेळ एकट्याने खेळता येणे आणि तोच खेळ जुन्या यंत्रवाल्या भावंडाबरोबर खेळता येणे या दोन वेगळ्या सोयी आहेत, आणि पहिली ठेवून दुसरी काढून घेतल्याची उदाहरणे आहेत. जाणकारांनी अनुभव सांगावेत. मतभेद असल्यास तेही अवश्य मांडावेत.

होटगीरस्ता

आपला मुद्दा रास्त आहे आणि तो समजून घ्यायचा तर लिंक केबलपासून, म्हणजे दोन यंत्रे जोडणाऱ्या तारेपासूनच सुरुवात करावी लागेल.

१९८९ च्या मूळ गेम बॉयला केबलसाठी मोठे सॉकेट होते. १९९६ मध्ये गेम बॉय पॉकेट आला तेव्हा ते लहान झाले आणि १९९८ च्या गेम बॉय कलरनेही तेच लहान सॉकेट कायम ठेवले. बाहेरचे तोंड बदलले तरी आतली देवाणघेवाण तीच राहिली, त्यामुळे मोठ्या-लहान तोंडांचा अडॅप्टर लावला की मूळ गेम बॉय आणि कलर यांच्यावर टेट्रिसचा सामना आजही होतो. ही देवाणघेवाण अगदी साधी आहे. दोनपैकी एक यंत्र घड्याळाचे ठोके देते, दुसरे ते पाळते आणि प्रत्येक ठोक्याला एक बिट इकडून तिकडे व एक बिट तिकडून इकडे जातो. मूळ वेग सेकंदाला ८१९२ बिट, म्हणजे साधारण एक किलोबाइट एवढाच. खेळणाऱ्याने कोणते बटण दाबले आणि समोरच्याच्या पडद्यावर किती ओळी चढवायच्या, एवढेच कळवायचे असल्यामुळे तेवढा वेग पुरत असे.

२००१ च्या गेम बॉय अ‍ॅडव्हान्समध्ये नवा प्रोसेसर होता, पण जुन्या खेळांसाठी जुना प्रोसेसरही आत ठेवलेला होता. गेम बॉयचे कार्ट्रिज (खेळ साठवलेली कॅसेट) घातले की त्याच्या आकारामुळे खोबणीतला एक छोटा स्विच दाबला जातो, यंत्र जुन्या पद्धतीने सुरू होते आणि विद्युतदाबही ३.३ व्होल्टऐवजी ५ व्होल्ट होतो. अशा वेळी ते केबलवरच्या दुसऱ्या यंत्राशी गेम बॉय कलरसारखेच वागते. एसपी हे त्याचेच एक मॉडेल आहे, म्हणून आपल्याकडचा कलर आणि एसपी एकमेकांना नक्की जोडता येतील. अट एवढीच की दोन्हींत गेम बॉयचाच खेळ असावा, टेट्रिससारख्या खेळाची दोन कार्ट्रिज असावीत आणि केबल कलरची असावी.

पार्कचौक

केबल कलरचीच का असावी? माझ्याकडे अ‍ॅडव्हान्सची केबल आहे आणि दोन्ही सॉकेट दिसायला सारखीच वाटतात.

होटगीरस्ता

@पार्कचौक, अ‍ॅडव्हान्सच्या केबलच्या प्लगची घडण मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे, त्यामुळे तो कलरच्या सॉकेटमध्ये बसत नाही. कृपया जोर लावून बसवण्याचा प्रयत्न करू नये, कारण सॉकेटच्या आतल्या पिना वाकल्या तर दुरुस्ती करणारा आपल्या शहरात सहज मिळणार नाही. उलट दिशेने, म्हणजे कलरची केबल अ‍ॅडव्हान्समध्ये बसते आणि गेम बॉयच्या खेळांना चालते. मात्र दोन्ही यंत्रांवर अ‍ॅडव्हान्सचे खेळ लावायचे असतील, तर अ‍ॅडव्हान्सचीच केबल हवी. तिच्या मध्यभागी एक छोटी डबी असते, तिच्यात पुढची केबल अडकवत गेले की चार जणांपर्यंत साखळी तयार होते. जांभळा प्लग ज्याच्या यंत्रात असतो तो पहिला खेळाडू ठरतो. मुलांमध्ये त्यावरून वाद होणारच, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

विजापूरवेस

धागाकर्त्यांच्या मूळ मताशी मी पूर्ण सहमत नाही. डीएस लाइटला अ‍ॅडव्हान्सच्या कार्ट्रिजची खोबण आहे, खेळ चालतो आणि खेळाच्या मेनूत मल्टिप्लेअरचा पर्यायही दिसतो. डीएसमध्ये तर वायरलेसही आहे. मग एसपी आणि डीएस लाइट एकत्र खेळू शकणार नाहीत, असे मानण्याचे कारण काय? कंपनीने एवढी मोठी सोय अर्धवट ठेवली असेल असे वाटत नाही.

बाळीवेस

@विजापूरवेस, दुर्दैवाने ती अर्धवटच ठेवली गेली, आणि या धाग्यातले सर्वांत स्पष्ट उदाहरण तेच आहे. डीएस आणि डीएस लाइट या दोन्ही यंत्रांना लिंक केबलचे सॉकेटच नाही. डीएसमध्ये बिनतारी यंत्रणा आहे हे खरे, पण अ‍ॅडव्हान्सचा खेळ लिहिला गेला तेव्हा ती अस्तित्वात नव्हती. तो खेळ केबलच्या सॉकेटवर कोणी आहे का, एवढेच तपासतो आणि तिथे काहीच नसल्यामुळे वाट पाहत राहतो. मेनूतला पर्याय कार्ट्रिजमधला आहे, तो यंत्राने दिलेला नाही. डीएसवर अ‍ॅडव्हान्सचे खेळ फक्त एकट्याने खेळण्यासाठी आहेत. गेम बॉय आणि कलरचे खेळ तर त्यावर मुळीच चालत नाहीत, आणि पुढे २००८ च्या डीएसआयमधून अ‍ॅडव्हान्सची खोबणही काढून टाकली गेली.

अ‍ॅडव्हान्ससाठी २००४ मध्ये एक वेगळा बिनतारी अडॅप्टर निघाला होता. तो पोकेमॉन फायररेड आणि लीफग्रीन यांच्यासोबत मिळत असे. पण त्याचा आधार ज्या खेळांत मुद्दाम घातला होता तेवढ्यांनाच तो उपयोगी पडतो. त्याआधीच्या खेळांना केबलच लागते. २००५ च्या गेम बॉय मायक्रोचे सॉकेट पुन्हा निराळे, त्याला स्वतःची केबल किंवा जोडणारा तुकडा हवा, आणि गेम बॉय किंवा कलरचे खेळ तो चालवतच नाही. एकाच घराण्यातली ही यंत्रे चार-पाच वर्षांच्या आतच आलेली आहेत, तरी त्यांना एका ठिकाणी बसवून खेळायचे म्हटले की प्रत्येक जोडीचा वेगळा विचार करावा लागतो. धागाकर्त्यांचे म्हणणे मला म्हणूनच पटते.

शेंगाचटणी

वरच्या सर्व दादांनी अडचणी नेमक्या सांगितल्या आहेत, म्हणून मी जे उत्तम जमते त्याबद्दल लिहिते.

जुळे_सोलापूर दादा, आपल्या घरातली सर्वांत चांगली जोडी डीएस लाइट आणि थ्रीडीएस ही आहे. थ्रीडीएसमध्ये डीएसचे कार्ट्रिज घातले की ते डीएससारखेच काम करते आणि जवळच्या डीएस लाइटशी बिनतारी जोडले जाते. त्यासाठी इंटरनेट किंवा राउटर काहीही लागत नाही. २००५ चा मारिओ कार्ट डीएस हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ एका खोलीत आठ जणांना खेळता येतो आणि एकच कार्ट्रिज असले तरी डाउनलोड प्ले वापरून बाकीच्यांना सामील करून घेता येते. ज्यांच्याकडे कार्ट्रिज नाही त्यांना शाय गाय हेच पात्र मिळते आणि ट्रॅकही मोजके असतात, पण मुलांना त्याने काही फरक पडत नाही. आमच्या घरी तर शाय गाय कोण होणार यासाठीच चढाओढ असते.

एका कार्ट्रिजवर अनेकांनी खेळण्याची ही पद्धत अ‍ॅडव्हान्सपासूनची आहे. मारिओ कार्ट सुपर सर्किटमध्ये एकाच कार्ट्रिजवर केबलने चौघे खेळू शकत. पाहुण्या यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत २५६ किलोबाइटांपर्यंतचा छोटा खेळ पाठवला जाई आणि मग सर्वांना वेगवेगळ्या रंगांचा योशी हे पात्र मिळे. यंत्र बंद केले की पाठवलेला भाग नाहीसा होई. ज्या घरात एकाच मुलासाठी कार्ट्रिज घेणे परवडत होते, त्या घरातल्या बाकीच्या मुलांनाही खेळता यावे, असा विचार कोणीतरी केला होता, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. ‘यंत्र जुळते का’ या प्रश्नाइतकाच ‘प्रत्येकाला खेळ विकत घ्यावा लागतो का’ हा प्रश्नही धाग्यात यायला हवा.

सातरस्ता

शेंगाचटणी ताईंच्या शेवटच्या वाक्याला पूर्ण अनुमोदन.

जुन्या-नव्यांच्या जुळण्याचा प्रश्न पोकेमॉन खेळणाऱ्यांना सर्वांत आधी आणि सर्वांत तीव्रतेने जाणवला. पहिल्या पिढीचे खेळ जपानमध्ये १९९६ मध्ये आले आणि दुसरी पिढी, म्हणजे गोल्ड आणि सिल्व्हर, १९९९ मध्ये. निर्मात्यांनी दुसऱ्या पिढीत टाइम कॅप्सूल नावाची सोय ठेवली. तिच्यामुळे नवा खेळ जुन्या खेळाशी केबलने देवघेव करू शकत असे, फक्त पहिल्या १५१ मधलाच पोकेमॉन आणि जुन्या खेळाला ठाऊक असलेलेच डाव चालत. जुन्या खेळाला नव्याची माहिती असणे शक्यच नव्हते, म्हणून नव्याने स्वतःला मर्यादा घालून घेतली. जुन्याशी जुळवून घेण्याची जबाबदारी नव्यावर असते, हे तत्त्व तिथे फार उत्तम रीतीने पाळले गेले.

२००२ मध्ये तिसऱ्या पिढीचे रुबी आणि सॅफायर आले तेव्हा हा दुवा तुटला. प्रत्येक पोकेमॉनची माहिती साठवण्याची रचनाच बदलली होती आणि जुन्या खेळांतून पुढे आणण्याचा कोणताही अधिकृत मार्ग ठेवला गेला नाही. चौथ्या पिढीत पाल पार्क आले आणि डीएसच्या अ‍ॅडव्हान्सच्या खोबणीतले कार्ट्रिज वाचून पोकेमॉन पुढे नेता येऊ लागला, पण ती वाट एकेरी आहे. पुढे नेलेला परत आणता येत नाही, आणि त्यात दोघांनी मिळून खेळण्याचा भाग तर मुळीच नाही.

एक व्यावहारिक सूचना. आपल्याकडे गोल्ड किंवा सिल्व्हरचे मूळ कार्ट्रिज असेल, तर त्यातली सीआर २०२५ बॅटरी एव्हाना संपली असण्याची दाट शक्यता आहे. तीच बॅटरी आतले घड्याळ चालवते आणि खेळाची नोंदही टिकवते. मुलांना देवघेव करायला बसवण्यापूर्वी ती बदलून घ्यावी, अन्यथा रात्री केलेली देवघेव सकाळी उरणार नाही.

कंबरतलाव

निन्टेन्डोबाहेरचाही विचार व्हावा म्हणून लिहितो. सोनीचा पीएसपी २००४ मध्ये जपानमध्ये आला आणि त्याची अ‍ॅड हॉक पद्धत, म्हणजे राउटरशिवाय थेट एकमेकांशी जोडणे, पुढच्या मॉडेलांतही कायम राहिली. २००९ च्या पीएसपी गोमध्ये डिस्कची सोय नव्हती, तरी तोच खेळ डाउनलोड केलेला असेल तर तो जुन्या पीएसपीबरोबर खेळता येई. सोनीच्या पुढच्या यंत्रावर, २०११ च्या व्हिटावर, पीएसपीचे डाउनलोड केलेले खेळ चालतात आणि तेही पीएसपीशी अ‍ॅड हॉकने जोडले जातात. जुन्या-नव्यांच्या जुळण्याच्या बाबतीत या घराण्याचे मला कौतुक वाटते.

परंतु एक मॉडेल अपवाद आहे आणि त्याबद्दल सावध करणे मी कर्तव्य समजतो. २०११ मध्ये आलेल्या पीएसपी ई-१००० या स्वस्त मॉडेलात वाय-फाय नाही. त्यामुळे त्यावर कोणताही खेळ दुसऱ्या यंत्राबरोबर खेळता येत नाही. पुतण्यासाठी इथल्याच एका दुकानातून हे यंत्र घेतले तेव्हा विक्रेत्याने ‘सगळे पीएसपी सारखेच’ असे ठामपणे सांगितले होते. मुलगा घरी येऊन मित्राच्या पीएसपीशी जोडायला बसला आणि मेनूत तो पर्यायच नव्हता. दुकानदाराने यंत्र परत घेतले नाही. जुने यंत्र घेणाऱ्यांनी मागच्या बाजूचा मॉडेल क्रमांक स्वतः वाचून मगच पैसे द्यावेत.

विजापूरवेस

बाळीवेस यांनी डीएसबद्दल दिलेले उत्तर पटले. तरीही एक प्रश्न उरतो. मुले चार दिवस सोलापुरात असतील, मग पुण्याला परत जातील. इंटरनेटवरून खेळता आले तर वर्षभर एकत्र खेळतील. केबल आणि जवळचे वायरलेस यांवर एवढा भर देण्यापेक्षा ऑनलाइन खेळाचा विचार अधिक उपयोगाचा नाही का?

होटगीरस्ता

@विजापूरवेस, स्विचच्या बाबतीत आपले म्हणणे लागू पडते, पण जुन्या यंत्रांच्या बाबतीत नाही. डीएसची अधिकृत ऑनलाइन सेवा २० मे २०१४ रोजी बंद झाली. थ्रीडीएसच्या खेळांची ऑनलाइन सेवा एप्रिल २०२४ मध्ये थांबली. म्हणजे आपल्या यादीतल्या यंत्रांपैकी स्विच आणि स्विच २ सोडून बाकीच्यांना अधिकृत ऑनलाइन मार्गच उरलेला नाही. डीएसच्या खेळांना तर वाय-फायचे जुने डब्ल्यूईपी संरक्षणच समजते, त्यामुळे त्यांच्यासाठी घरच्या राउटरची सुरक्षा कमी करावी लागे, आणि ते मी कोणालाही सुचवणार नाही.

याउलट केबल कोणत्याही कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून नाही. दोन यंत्रे आणि दोन कार्ट्रिज शाबूत असतील तोपर्यंत १९८९ चा टेट्रिस आजही दोघांना खेळता येतो, आणि वीज गेली, राउटर बंद पडला तरी त्यात खंड पडत नाही. जी सोय यंत्रांच्या आतच आहे ती टिकते आणि जी दूरच्या सर्व्हरवर आहे ती मालकाच्या इच्छेनुसार संपते. यंत्र निवडताना हा फरक फार महत्त्वाचा आहे असे मला मनापासून वाटते.

बाळीवेस

आता स्विच आणि स्विच २ बद्दल, कारण धागाकर्त्यांच्या भाचीचा प्रश्न अजून सुटलेला नाही.

स्विच २ हे ५ जून २०२५ रोजी आले. त्यावर जुन्या स्विचचे बहुतेक खेळ चालतात आणि दोन्हींवर तोच स्विचचा खेळ असेल तर जवळच्या वायरलेसवर एकत्र खेळता येते. मारिओ कार्ट ८ डिलक्सचे उदाहरण घेतले तर प्रत्येकाकडे आपापली प्रत हवी, पण यंत्र जुने की नवे याचा अडसर येत नाही. मारिओ कार्ट वर्ल्ड मात्र फक्त स्विच २ साठी आहे, त्यामुळे तो खेळ भाचीला साध्या स्विचवाल्या बहिणीबरोबर तसा खेळता येणार नाही.

ताईंनी वर एका कार्ट्रिजच्या सोयीबद्दल लिहिले आहे, तिचा नवा अवतार म्हणजे गेमशेअर. स्विच २ वाला यजमान असेल तर जवळच्या साध्या स्विचलाही तो ठरावीक खेळांत सामील करून घेऊ शकतो आणि पाहुण्याकडे खेळ असण्याची गरज नाही. सुपर मारिओ ओडिसी आणि कॅप्टन टोड या खेळांना अशी सोय दिलेली आहे. यात पाहुण्या यंत्रावर खेळ पाठवला जात नाही. खेळ यजमानाच्या यंत्रावरच चालतो, पाहुण्याकडे चित्र येते आणि त्याच्या बटणांची माहिती परत जाते. जुन्या यंत्राची ताकद कमी पडत असली तरी काम भागते, ते यामुळेच. पाल पार्कच्या एकेरी वाटेनंतर कोणीतरी जुन्या यंत्रवाल्याची पुन्हा आठवण ठेवली, याचे मला समाधान वाटते.

पार्कचौक

एवढे सर्व करण्याऐवजी एखादा चिनी रेट्रो हँडहेल्ड घेऊन त्यावर इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारे सॉफ्टवेअर, चालवला तर?

शेंगाचटणी

@पार्कचौक दादा, एकट्याने खेळायला तो मार्ग सोपा आहे. केबलची नक्कल करणे मात्र कठीण असते, कारण मूळ खेळ समोरच्याचे उत्तर अगदी ठरलेल्या क्षणी यावे अशी अपेक्षा ठेवतो आणि वाय-फायवर तेवढा नेमकेपणा मिळतोच असे नाही. एमजीबीएसारख्या इम्युलेटरमध्ये एकाच संगणकावर दोन खिडक्या उघडून जोडणी चांगली होते. दोन वेगळ्या यंत्रांवर मात्र खेळागणिक अनुभव बदलतो. खेळाची प्रत कुठून आणायची हा प्रश्न वेगळाच. त्यापेक्षा स्विच ऑनलाइन या निन्टेन्डोच्या सेवेच्या सदस्यांना फेब्रुवारी २०२३ पासून गेम बॉयचे निवडक खेळ अधिकृतपणे मिळतात आणि त्यांतले दोघांचे खेळ दोन स्विचवर एकत्र खेळता येतात. आपल्या जुन्या कलरशी मात्र तो स्विच जोडला जाणार नाही, हे लक्षात ठेवावे.

जुळे_सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. यावरून माझ्या घरापुरत्या तीन जोड्या बनतात : कलर आणि एसपी केबलने, डीएस लाइट आणि थ्रीडीएस जवळच्या वायरलेसने, स्विच आणि स्विच २ त्यांच्या आपसात. या तीन गटांमध्ये पूल नाही, हे आता स्पष्ट झाले. थोडा खर्च करायची तयारी आहे. दुसरा एसपी आणि अ‍ॅडव्हान्सची केबल घ्यावी, की मारिओ कार्ट ८ डिलक्सची दुसरी प्रत घ्यावी?

सातरस्ता

दुसरा एसपी घ्यावा. सुपर सर्किटचे एकच कार्ट्रिज पुरेल आणि पुढच्या संक्रांतीलाही तो तसाच चालेल. फक्त जुना एसपी घेताना केबलचे सॉकेट आतून पाहून घ्यावे आणि शक्य असल्यास दुकानातच दोन यंत्रे जोडून पाहावीत.

कंबरतलाव

मी असहमत. सुस्थितीतला एसपी आता स्वस्त राहिलेला नाही आणि बाजारात नकली बाह्यकवच घातलेले पुष्कळ आहेत. मुलांच्या हातात जे आहे त्यावर खर्च केलेला बरा.

बाळीवेस

पैसे खर्च करण्यापूर्वी गेमशेअर करून पाहावे, भाचीकडे तशी सोय असलेला खेळ असेल तर वेगळे काहीच लागत नाही. मारिओ कार्ट ८ डिलक्सची दुसरी प्रत घ्यायचे ठरलेच, तर एक गोष्ट आवर्जून करावी. जवळच्या वायरलेसवर खेळताना दोन्ही यंत्रांतल्या खेळाची आवृत्ती एकच असावी लागते. भाचीचा खेळ अद्ययावत असेल आणि घरच्या स्विचवरचा जुना असेल, तर दोघी एकमेकींना दिसणार नाहीत आणि यंत्रेच जुळत नाहीत असा गैरसमज होईल. खेळाच्या चिन्हावर प्लस बटण दाबून सॉफ्टवेअर अपडेटमध्ये गेले की जवळच्या यंत्राशी आवृत्ती जुळवण्याचा पर्याय मिळतो. तरीही यात्रेच्या दिवसांत मोबाइलच्या नेटवर्कवर अवलंबून न राहता, मुले येण्याच्या आदल्या आठवड्यातच घरच्या वाय-फायवर स्विचचे आणि खेळाचे अपडेट करून ठेवावे, आणि भाचीलाही पुण्याहून निघण्यापूर्वी तसे करायला सांगावे.